आपला कार्बन कुणाच्या खात्यात? चंद्रपूर-गडचिरोलीच्या निमित्ताने एक हिशेब

जागतिक तापमानवाढीची चर्चा रिओ, क्योटो, पॅरिस, ग्लासगो अशा दूरदूरच्या शहरांच्या नावांनी ओळखली जाते. या चर्चेतील जमा आणि खर्च या दोन्ही बाजू शेजारी-शेजारी पाहायच्या असतील, तर मात्र विदर्भाच्या पूर्व टोकाला यावे लागते. वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंटचे कारखाने असलेला चंद्रपूर जिल्हा आहे, तर वैनगंगेपलीकडे दोन तृतीयांशाहून अधिक भूभाग जंगलाने व्यापलेला गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. एका भागात जमिनीखालचा कार्बन हवेत सोडला जातो आणि दुसऱ्या भागात साग, बांबू, मोह, ऐन यांची झाडे तो हवेतून काढून साठवून ठेवतात.

'आपण आपले कार्बन उत्सर्जन कमी करू या,' असे आवाहन आता शाळेच्या भिंतीपासून सरकारी जाहिरातींपर्यंत सर्वत्र वाचायला मिळते. पण हे 'आपले' म्हणजे नेमके कुणाचे, ते कसे मोजायचे आणि त्यातील कोणती कपात खरोखर उपयोगाची, याचा खुलासा क्वचितच होतो. या दोन जिल्ह्यांच्या आधारे तो करण्याचा हा प्रयत्न.

कार्बन फूटप्रिंट म्हणजे काय?

एखादी व्यक्ती, कुटुंब, कारखाना किंवा देश यांच्या व्यवहारांमुळे ठरावीक काळात वातावरणात जितके हरितगृह वायू मिसळतात, त्यांची एकूण बेरीज म्हणजे त्यांचा कार्बन फूटप्रिंट, मराठीत कार्बन पाऊलखूण. त्यात कार्बन डायऑक्साइड प्रमुख असला, तरी मिथेन, नायट्रस ऑक्साइड आदी वायूही धरले जातात. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट मानली जाते. म्हणून सर्व वायूंचे कार्बन डायऑक्साइडच्या परिमाणात रूपांतर करून आकडा काढतात.

या संकल्पनेचे मूळ १९९० च्या दशकात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी मांडलेल्या 'परिसरीय पाऊलखूण' या कल्पनेत आहे. सर्वसामान्यांच्या तोंडी 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द रुळला तो मात्र २००० नंतरच्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीच्या जाहिरात मोहिमेमुळे. तेल विकणाऱ्यानेच ग्राहकाला त्याची पाऊलखूण मोजायला सांगावे, यावर पुढे पुष्कळ टीका झाली. टीकेत तथ्य आहे, पण त्यामुळे मोजमाप निरुपयोगी ठरत नाही. ते कशासाठी वापरायचे, हे तेवढे नीट समजून घ्यावे लागते.

उत्सर्जन चंद्रपुरात, वापर मुंबईत

चंद्रपूरलगतच्या ऊर्जानगर येथील महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रातील पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० मेगावॅटचे पाच संच मिळून केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट आहे. इरई धरणाचे पाणी आणि परिसरातील वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींचा कोळसा हा या केंद्राचा मुख्य आधार.

५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला की पाच लाख युनिट वीज तयार होते. त्यासाठी ढोबळमानाने साडेतीनशे टन कोळसा लागतो आणि साडेचारशे ते पाचशे टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जाळलेल्या कोळशाहून धुराड्यातून निघणारा वायू वजनाने जास्त कसा, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कोळशातील कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेतो. त्यामुळे बारा किलो कार्बनपासून चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

ही वीज जाते कुठे? चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १५०० मेगावॅट क्षमतेची उच्चदाब एकदिश विद्युतवाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभारण्यात आली. पूर्व विदर्भात तयार होणारी वीज मुंबई परिसरातील मोठ्या मागणीपर्यंत पोहोचवणे, हाच तिचा उद्देश. म्हणजे मुंबई-ठाण्यातील बटण दाबले जाते तेव्हा कोळसा जळतो तो बराचसा विदर्भात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते. जानेवारी २०१० मध्ये तेथे नव्या प्रकल्पांना स्थगिती द्यावी लागली.

येथे हिशेबाच्या दोन पद्धती समोर येतात. जेथे धूर निघतो तेथे उत्सर्जन मोजले, तर चंद्रपूरचा माणूस राज्यातील मोठा दोषी ठरेल. जो वीज, सिमेंट किंवा पोलाद वापरतो त्याच्या नावे मोजले, तर हाच भार पुणे-मुंबई-नागपूरसह सर्व शहरांत विभागला जाईल. देशांच्या पातळीवरील आकडेवारी सहसा पहिल्या पद्धतीने काढतात. वैयक्तिक पाऊलखूण मात्र दुसऱ्याच पद्धतीने मोजायला हवी. राख, धूर आणि उष्मा चंद्रपूरकरांनी सोसायचा आणि उत्सर्जनही त्यांच्याच नावे लिहायचे, हा न्याय होणार नाही.

घरचा हिशेब कसा मांडावा?

घरगुती पाऊलखूण काढण्यासाठी संगणक लागत नाही. वीज देयक, गॅसची नोंद आणि पेट्रोलची पावती पुरते. पुढील गुणक ढोबळ असले, तरी व्यवहारासाठी पुरेसे आहेत:

• विजेचे १ युनिट : सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड (देशातील सर्व स्रोतांची सरासरी)
• स्वयंपाकाच्या गॅसचे १४.२ किलोचे सिलिंडर : सुमारे ४२ किलो
• पेट्रोल १ लिटर : सुमारे २.३ किलो
• डिझेल १ लिटर : सुमारे २.७ किलो
• सिमेंटचे ५० किलोचे पोते : सुमारे ३० किलो

समजा, चंद्रपूर शहरातील चौघांचे एक कुटुंब महिन्याला १५० युनिट वीज, एक सिलिंडर आणि दुचाकीसाठी १५ लिटर पेट्रोल वापरते. विजेचे १०८, गॅसचे ४२ आणि पेट्रोलचे सुमारे ३५ किलो मिळून महिन्याचे उत्सर्जन १८५ किलोच्या आसपास, तर वर्षाचे सव्वादोन टनांच्या जवळ जाते. माणशी हा आकडा साडेपाचशे किलोंच्या घरात पडतो. भारताचे दरडोई वार्षिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे दोन टन आहे, जगाची सरासरी साडेचार टनांहून अधिक आणि अमेरिकेची चौदा टनांच्या आसपास. घरातील देयकांत न दिसणारा उरलेला वाटा कारखाने, शेती, मालवाहतूक, बांधकाम आणि सार्वजनिक सेवा यांचा असतो.

याच कुटुंबाने उन्हाळ्यात दीड टनाचे वातानुकूलन यंत्र रोज आठ तास चालवले आणि तासाला दीड युनिट वीज लागते असे धरले, तर महिन्याला ३६० युनिट, म्हणजे सुमारे २६० किलोंची भर पडते. घरातील बाकी सर्व वापरापेक्षा ही एकच भर मोठी आहे. दोनशे वॅटचा कूलर तितकेच तास चालवला, तर हा आकडा ३५ किलोंवर थांबतो.

मोठ्या खर्चाला आधी हात

वरील उदाहरणातून पहिला धडा मिळतो. लहानसहान गोष्टींत पुण्य शोधण्यापूर्वी खात्यातील सर्वांत मोठी रक्कम कोणती, ते पाहावे. भ्रमणध्वनीचा चार्जर काढून ठेवणे चांगलेच. परंतु त्याने वर्षभरात होणारी बचत वातानुकूलन यंत्राच्या थोड्याशा वापरात संपून जाते.

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही देशातील सर्वाधिक तापमानाच्या ठिकाणांत वारंवार झळकणारी गावे. मे २०१९ च्या अखेरीस चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा ठिकाणी गारवा ही चैन मानता येत नाही. वृद्ध, बालके आणि उन्हात राबणाऱ्यांच्या जिवाचा तो प्रश्न असतो. म्हणून 'यंत्र वापरू नका' असा उपदेश येथे निरर्थक आहे. उष्णता घरात शिरण्यापूर्वीच अडवणे अधिक शहाणपणाचे. छताला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग, पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याची ताटी, अंगणात सावलीचे झाड हे उपाय जुने असले, तरी आजही उपयुक्त आहेत. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगले काम देतो. मात्र त्याला पाणी लागते, हेही लक्षात ठेवावे लागते. वातानुकूलन यंत्र अपरिहार्य असेल, तर ते २४ अंशांवर ठेवावे. प्रत्येक वाढीव अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. ७५ वॅटचा जुना पंखा बदलून सुमारे ३० वॅटचा नवा लावला, तर दिवसरात्र फिरणाऱ्या पंख्यांच्या या प्रदेशात फरक लगेच जाणवतो.

उन्हाचा ताप सोसणाऱ्या या भागाने उन्हाचा लाभही घ्यावा. छतावरील एक किलोवॅटचा सौरसंच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. वर्षाकाठी चौदाशे युनिट, म्हणजे जवळजवळ एक टन उत्सर्जन टळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३० हजार आणि तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेसाठी कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मात्र स्वतःचे छप्पर नसल्याने या लाभापर्यंत पोहोचणे कठीण जाते.

प्रवासाचे गणितही असेच आहे. लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी मोटार किलोमीटरमागे दीडशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, तर लिटरला पन्नास किलोमीटर धावणारी दुचाकी सुमारे ४६ ग्रॅम. चाळीस प्रवासी घेऊन लिटरला पाच किलोमीटर धावणाऱ्या एसटीत प्रवाशामागे हे प्रमाण अवघे तेरा-चौदा ग्रॅम पडते. गडचिरोली जिल्ह्याला दीर्घकाळ देसाईगंज अर्थात वडसा हे एकच रेल्वे स्थानक होते. अशा जिल्ह्यात एसटीची एखादी फेरी बंद होणे म्हणजे अनेक दुचाकी रस्त्यावर येणे होय. प्रवाशाने एसटी निवडावी यासाठी आधी ती गावात यायला हवी.

घरबांधणी हा आयुष्यात एकदाच होणारा, पण फार मोठा खर्च. चारशे पोती सिमेंट लागणाऱ्या घराच्या नावे केवळ सिमेंटपोटी बारा टन कार्बन डायऑक्साइड लिहावा लागतो. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही परिसरातील भट्ट्यांत चुनखडी तापवताना इंधनाखेरीज खुद्द दगडातूनही हा वायू बाहेर पडतो. औष्णिक केंद्राची राख मिसळलेले सिमेंट आणि भट्टीत न भाजता तयार होणाऱ्या राखेच्या विटा वापरल्यास हा भार कमी होतो. राखेचे ढीग ज्या जिल्ह्याने पाहिले आहेत, त्याला हा पर्याय घराजवळच उपलब्ध आहे.

चुलीचा धूर आणि बांधीतील पाणी

वैनगंगेपलीकडच्या गावांत हिशेबाचे स्वरूप पालटते. सरपणावर स्वयंपाक करणाऱ्या, पायी किंवा सायकलने फिरणाऱ्या आणि दोन-तीन दिवे लावणाऱ्या आदिवासी कुटुंबाची पाऊलखूण इतकी लहान असते, की त्याला कपातीचा सल्ला देणे औचित्याला धरून होणार नाही. चुलीबाबतचा मुद्दा कार्बनपेक्षा आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा आहे. धूर बायकांच्या फुप्फुसात जातो आणि ताडोबाच्या परिसरात सरपणासाठी जंगलात शिरणाऱ्यांवर वाघाचे हल्ले होतात. राज्य शासनाने २०१५ मध्ये व्याघ्रप्रकल्पांभोवतीच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू करून अनुदानित गॅसजोडण्या दिल्या. २०१६ पासून उज्ज्वला योजनाही आली. जोडणी मिळाली तरी पुढचे सिलिंडर भरणे परवडले नाही, तर घर पुन्हा चुलीकडे वळते. गावोगावी असलेल्या शेणापासून गोबरगॅस हा म्हणूनच अधिक टिकाऊ पर्याय ठरतो.

झाडीपट्टीच्या धानशेतीचा मुद्दा वेगळा आहे. बांधीत पाणी सतत साचून राहिले, की हवेअभावी जमिनीतील जीवाणू मिथेन तयार करतात. रोवणीनंतर ठरावीक काळाने पाणी काढून जमीन थोडी सुकू देणे आणि पुन्हा भरणे या पद्धतीने मिथेन घटतो आणि पाणीही वाचते. त्यासाठी पाणी हवे तेव्हा मिळण्याची खात्री लागते. ती खात्री देणारे माजी मालगुजारी तलाव गाळाने भरले असतील, तर शेतकरी मिळालेले पाणी सोडणार नाही. तलावातील गाळ काढणे हेही हवामानाचेच काम आहे, ते असे.

झाड लावणे आणि जंगल राखणे

'झाड लावा आणि आपले उत्सर्जन फेडा' ही सर्वांत लोकप्रिय सूचना. चांगले वाढलेले एक झाड वर्षाला दहा ते पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते, असा ढोबळ अंदाज केला जातो. वर उल्लेखिलेल्या कुटुंबाला आपले सव्वादोन टन फेडायला शंभर-दोनशे वाढलेली झाडे लागतील आणि ती जगवावीही लागतील. रोप लावल्या दिवशी हे काम सुरू होत नाही. त्याला अनेक वर्षे जावी लागतात. याउलट उभ्या जंगलात शतकानुशतकांचा कार्बन खोडांत, मुळांत आणि मातीत आधीच साठलेला असतो. आलापल्लीजवळचा 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा जुन्या वृक्षांचा पट्टा २०१४ मध्ये राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. अशा वनाच्या तोडीची भरपाई नव्या रोपांनी नजीकच्या काळात होऊ शकत नाही.

हे राखण्याचे काम एकट्याने होत नाही, हे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने दाखवून दिले. धानोरा तालुक्यातील या गोंड गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने तेथे अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत रुजली. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. त्यानंतर जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांना असे हक्क मिळाले आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिंपरी तालुक्याच्या पाचगावचे उदाहरणही बोलके आहे. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाल्यानंतर या ग्रामसभेने बांबूतून उत्पन्न उभे केले आणि तेंदूपाने तोडणे मात्र बंद केले. चांगली पाने फुटावीत म्हणून झाडांची छाटणी होते, आगी लावल्या जातात, हे त्यामागचे कारण. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी आणि तेंदूसाठी लावलेली आग पसरली, की शेकडो हेक्टरवरील पालापाचोळा आणि कोवळी रोपे जळतात. एका गावाने आग न लावण्याचे ठरवल्याने जो कार्बन जमिनीवर राहतो, त्याची बरोबरी शहरातील एखाद्या कुटुंबाची वर्षानुवर्षांची काटकसर करू शकत नाही. तेंदूच्या रोख उत्पन्नावर पाणी सोडणे ही गरीब गावासाठी लहान गोष्ट नव्हती, हेही विसरता येणार नाही.

शहरानेही अशी एकजूट दाखवली आहे. ताडोबालगतच्या लोहारा येथील प्रस्तावित कोळसा खाणीविरुद्ध २००९ मध्ये चंद्रपुरात मोठे जनआंदोलन झाले. 'इको-प्रो'चे बंडू धोतरे यांनी उपोषण केले आणि अखेर तो प्रस्ताव मागे पडला.

जागतिक करार आणि आपले दार

१९९२ चा हवामान बदलविषयक करार, १९९७ चा क्योटो आणि २०१५ चा पॅरिस करार अशी ही वाटचाल आहे. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. २०३० पर्यंत जंगल आणि वृक्षांच्या माध्यमातून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड इतकी अतिरिक्त साठवण करण्याचेही भारताचे वचन आहे. २०२५ च्या मध्यावर देशातील स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी बिगरजीवाश्म स्रोतांची झाली; तरीही प्रत्यक्ष वीजनिर्मितीत कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा आहे.

या वचनांतील कोळसा चंद्रपूरचा आणि जंगल गडचिरोलीचे आहे. त्याच गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे २०२१ पासून लोहखनिजाचे मोठे उत्खनन सुरू आहे आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरीत त्यावर आधारित उद्योग उभा राहिला आहे. रोजगाराची गरज खरी आहे, जंगलाची किंमतही खरी आहे. त्या खनिजातून होणारे पोलाद जिथे जिथे वापरले जाईल, तिथल्या हिशेबात तोडलेल्या झाडांचाही वाटा धरला पाहिजे.

वाचकांनी आपले वीज देयक हाती घ्यावे, युनिटला ०.७२ ने गुणावे आणि आपला आकडा काढावा. तो मोठा असेल, तर कपातीची जबाबदारीही मोठी. लहान असेल, तर आपल्या ग्रामसभेत, प्रभागात, जनसुनावणीत जंगल, तलाव आणि एसटी यांच्या बाजूने बोलण्याचा अधिकार त्याहून मोठा. पुढचा उन्हाळा जवळ येण्याआधी छताला चुना लावण्याचे काम मात्र दोघांनाही करता येण्याजोगे आहे.